गोष्टीचा गाभा शेवटच्याच ओळीत असतो का?

परीक्षा जवळ आली की पालकांच्या ग्रुपवर हमखास एक सल्ला फिरतो: ‘गोष्टीची मध्यवर्ती कल्पना पहिल्या किंवा शेवटच्या वाक्यात असते, मुलांना तेवढंच नीट वाचायला सांगा.’

हा समज अगदीच निराधार नाही. माहितीपर उताऱ्यात असं बरेचदा होतं. ‘नागपुरी संत्र्याचे दोन बहार असतात, आंबिया आणि मृग’ असं आधी सांगून मग तपशील येतो. बोधकथांखाली तर तात्पर्य छापलेलंच असतं. एकीकडे चाललेली युक्ती सगळीकडे लावावीशी वाटणारच.

पण ही गोष्ट बघा. गौरी आजीसोबत नागपुरात बर्डीच्या बाजारात जाते. संत्री घेते. घाईत संत्रेवाली वीस रुपये जास्त परत देते. गौरी नोट मुठीत दाबून थोडी पुढे जाते, मग मागे वळून देऊन येते. दोघी ऑटोने महाल भागातल्या घरी जातात.

पहिलं वाक्य बाजाराचं, शेवटचं ऑटोचं. गाभा मात्र त्या दाबलेल्या मुठीत आहे.

पडताळायला सोपं आहे. एकेक वाक्य बोटाने झाकायचं. ऑटो झाकला तर काही बिघडत नाही. मागे वळणं झाकलं की गोष्टच उरत नाही. मग विचारायचं, गौरीत काय बदललं आणि कुठे? ‘संत्री’ किंवा ‘बाजार’ असं उत्तर आलं तर तो नुसता विषय झाला. ‘मोह झाला, तरी तिने पैसे परत केले’ ही झाली कल्पना. शब्द प्रत्येक मुलाचे वेगळे असतील. गोष्टीतल्या कोणत्या वाक्यावरून ते कळलं हे त्याला दाखवता आलं, तर उत्तर बरोबर धरावं.