काविळीआड लपलेलं तांबं

मुंबईत एखाद्या मुलाचे डोळे पिवळे दिसले की आजही कुणीतरी काविळीची माळ सुचवतंच. साधी कावीळ बहुतेकदा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळतं. पण मुलाची कावीळ रेंगाळली, पुन्हा उलटली किंवा लिव्हरचे एन्झाइम वाढलेलेच राहिले, तर विल्सन आजाराची, म्हणजे शरीरात तांबं साचत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्यायलाच हवी.

शरीराला तांबं लागतं, पण दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचं तांबं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम एटीपी७बी या जनुकावर अवलंबून असतं. तो १९९३ मध्ये सापडला. आई आणि वडील, दोघांकडूनही त्याची सदोष प्रत आली तर तांबं आधी लिव्हरमध्ये आणि पुढे मेंदूतही साचतं. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं असं पुस्तकं सांगतात, पण लहान मुलांत ते अनेकदा नसतं. म्हणून रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं मोजतात.

निदान झालं की घरचे पहिला आळ घेतात तो आजीच्या तांब्याच्या लोट्यावर. लोटा या मुलापुरता बाजूला ठेवावाच, पण आजार जनुकातला आहे. (पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधाशी जोडला गेलेला बाळांचा लिव्हरविकार आपल्याकडे होता, पुण्यात त्यावर महत्त्वाचं संशोधनही झालं, तो वेगळा.) कोळंबी, खेकडे, कालवं, कलेजी, काजू, चॉकलेट निदान पहिलं वर्षभर तरी बंद. पापलेट चालतं. मात्र नुसत्या पथ्याने हा आजार आवरत नाही.

आवरतो तो औषधाने. ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये मांडलेलं पेनिसिलामाइन तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. ते जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, सोबत बी६ जीवनसत्त्व. सकाळची शाळा, मधल्या सुट्टीतला डबा, संध्याकाळची शिकवणी यांत रिकामं पोट सापडणं हीच खरी कसरत, आणि मला वाटतं, तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी याच वेळापत्रकावर सर्वाधिक बोलावं. सुरुवातीला रक्त-लघवीच्या तपासण्या वरचेवर होतात, कारण या औषधाचा त्रास किडनीला आणि रक्तपेशींना होऊ शकतो.

धोक्याचा काळ येतो तो कॉलेजच्या उंबरठ्यावर. तब्येत उत्तम, मग गोळ्या कशाला? अशा बंद केलेल्या गोळ्यांनी काही महिन्यांत लिव्हर निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. मग उरतं प्रत्यारोपण. नव्या लिव्हरचा जनुक धड असल्याने विल्सन संपतो. त्याच्या जागी नवं लिव्हर टिकवण्याची औषधं येतात. आई-वडिलांकडे प्रत्येकी एकच सदोष प्रत असते, त्यामुळे बाकी सगळं जुळलं तर त्यांच्यापैकी कुणी लिव्हरचा भाग देऊही शकतं.

घरातल्या दुसऱ्या मुलाची तपासणी मात्र टाळू नये. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. काहीही त्रास नसताना तो सापडला, तर पुष्कळदा नुसत्या झिंकवर भागतं. झिंक आतड्यातच तांब्याचं शोषण रोखतं.