मेलॅटोनिनला चिकटलेले चुकीचे विशेषण

हिवाळ्यात पकडलेला रानव्होलचा (उंदरासारख्या एका छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्याचा) नर तपासला, तर वृषणे आत ओढली गेलेली आणि आक्रसलेली आढळतात. शुक्राणू जवळजवळ नसतातच. मादीही माजावर येत नाही. असे का होते, याची उत्तरे बराच काळ अंदाजानेच दिली जात होती. कुणी थंडीला दोष देत होते, कुणी चाऱ्याच्या टंचाईला. १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये व्होलांना रोज १५ ऐवजी ९ तास उजेड दिला गेला आणि त्यांची वीण जवळपास थांबली. वनस्पती आणि पक्षी दिवसाच्या लांबीवर चालतात हे १९२०च्या दशकातच दिसले होते. आता सस्तन प्राण्यांचेही तसेच निघाले.

पण डोळ्याला दिसलेला उजेड जननग्रंथींना कसा कळतो, हे पुढची तीसेक वर्षे कोडेच होते. १९५८ मध्ये गायीगुरांच्या मेंदूतल्या छोट्या पीनियल ग्रंथींतून मेलॅटोनिन हे रात्रीच्या अंधारात स्रवणारे संप्रेरक वेगळे केले गेले, ते बेडकाची त्वचा फिकी करणारा पदार्थ म्हणून. प्रजननाशी त्याचा काही संबंध असेल असे तेव्हा फारसे कुणाच्या मनात नव्हते. मग १९६५ मध्ये हॅमस्टरवरचा प्रयोग झाला. आखूड दिवसांत ठेवलेल्या नराची वृषणे आक्रसतात, पण पीनियल आधीच काढून टाकली असेल तर आक्रसत नाहीत.

गोंधळाची सुरुवात इथेच झाली. ग्रंथी असली की वृषणे बसतात, नसली की टिकतात, म्हणजे ही ग्रंथी प्रजननाच्या विरोधात काम करते, असा सरळ हिशेब मांडला गेला. पीनियलला 'जननग्रंथीविरोधी' हे विशेषण लागले आणि लगोलग मेलॅटोनिनलाही. हिशेब चुकीचा होता, पण त्या वेळच्या पुराव्यावर तो पटण्याजोगा होता हेही मान्य करायला हवे.

शंका यायला सत्तरचे दशक उजाडले. हॅमस्टरला दुपार कलताना मेलॅटोनिनचे इंजेक्शन दिले तर काही आठवड्यांत वृषणे आक्रसत, तेच सकाळी दिले तर काहीच होत नसे. त्याहून पंचाईत केली ती त्वचेखाली बसवलेल्या कॅप्सुलांनी. त्यांतून मेलॅटोनिन अखंड झिरपत राहिले, तर आखूड दिवसांतही वृषणे शाबूत राहत. जो 'विरोधी' तोच रक्षणकर्ता! यावर तोडगा म्हणून 'विरोधीचा विरोधी' अशा धाटणीचे शब्दही वापरून झाले. गाठ सोडवण्याऐवजी तिच्यावर दुसरी मारण्याचाच तो प्रकार होता.

ऐंशीच्या दशकात पीनियल काढलेल्या सायबेरियन हॅमस्टरांना रोज ठरावीक तास मेलॅटोनिन देऊन पाहिले गेले. चार-सहा तास दिले की जननग्रंथी वाढत, आठ-दहा तास दिले की वाढ खुंटे. मेंढ्यांमध्ये नेमके उलटे होते, तिथे लांब रात्रीचाच निरोप वीण सुरू करतो. म्हणजे हे संप्रेरक कुणाच्या विरोधात नाही आणि बाजूनेही नाही. रात्र किती लांब आहे एवढेच ते सांगते, अर्थ प्राणी आपापला लावतो. तरीही ते जुने विशेषण अजून अधूनमधून वाचायला मिळते, आणि दर वेळी खटकते.

त्यानंतरची भर वेगाने पडत गेली. सायबेरियन हॅमस्टरच्या मादीच्या पोटातल्या पिल्लांनाही आईच्या मेलॅटोनिनवरून दिवस वाढताहेत की घटताहेत हे कळते, असे दिसले. १९८१ मध्ये डोंगरी व्होलांच्या बाबतीत कोवळ्या गवतातला एक पदार्थच वीण सुरू करतो असे आढळले, म्हणजे चाऱ्याचा जुना अंदाज अगदीच पोकळ नव्हता. मेलॅटोनिनचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या देठाशी वाचला जातो आणि तिथून मेंदूतल्या थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण बदलते, हे अलीकडचे. २००६ मध्ये आखूड दिवसांतल्या हॅमस्टरांच्या मेंदूत प्रजननाला चालना देणारे किसपेप्टिन घटल्याचे दिसले. प्रयोगशाळेतल्या बहुतेक उंदरांच्या जाती मात्र मेलॅटोनिन जवळपास बनवतच नाहीत, त्यामुळे हे बरेचसे काम हॅमस्टर, व्होल आणि मेंढ्या अशा इतर प्राण्यांच्या जिवावर झाले.

एक बाब सरासरीच्या आकड्यांत लपून जाते. आखूड दिवसांत पाच-सहा महिने काढल्यावर हॅमस्टरची वृषणे उजेड न वाढताही आपोआप पुन्हा भरू लागतात, त्यामुळे वसंतात तो बिळाबाहेर येतो तेव्हा तयारच असतो. आणि पांढऱ्या पायांच्या उंदरांत काही नर असे निघतात की आखूड दिवसांचा त्यांच्यावर परिणामच होत नाही. हा गुण पुढच्या पिढीत उतरतो, इतका की निवड करत गेले तर काही पिढ्यांत दोन वेगळे वाण तयार होतात.