हनुवटीवर दोन किलो

गणपतीत आमचं घर भरलेलं असतं, मुंबईपुण्याची सगळी मंडळी गावी येतात, आणि पाचव्या दिवशी रात्री भजन आटोपल्यावर भाचीला सगळ्यांनी व्हायोलिन वाजवायला लावलं. ही पोर सावंतवाडीची, दर शनिवारी एसटीने म्हापशाला जाऊन शिकते, उभं राहून हनुवटीखाली धरून वाजवायची पाश्चात्त्य पद्धत. वाजवलं मस्तच. झाल्यावर एका काकांचं लक्ष तिच्या मानेकडे गेलं, डाव्या बाजूला जबड्याच्या खाली काळपट लाल डाग आहे तिकडे, आणि ते सगळ्यांना दाखवून म्हणाले, "ही बघा, रियाजाची खूण!" सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त कोपऱ्यात बसलेली आमची आई म्हणाली, "गो बाय, मान अशी वाकडी कित्याक धरतंस?"

प्रश्न आईनेच बरोबर विचारला. तो डाग म्हणजे साधना वगैरे काही नाही. त्वचेचे डॉक्टर त्याला फिडलर्स नेक म्हणतात: सततचा दाब, घासणं, खाली अडकलेला घाम, आणि पुष्कळदा चिनरेस्टच्या (व्हायोलिनवर हनुवटी टेकवायची बशीसारखी पट्टी) पत्र्याच्या क्लॅम्पमधल्या निकेलची ॲलर्जी. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही त्यामुळे हे जास्तच चिघळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना हळूच विचारलं तर म्हणाली, "मामा, अर्धा तास वाजवलं की डावा खांदा भरून येतो, पण सगळ्यांचंच दुखतं ना?" हे "सगळ्यांचंच दुखतं" ऐकलं आणि मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला.

व्हायोलिन चिनरेस्टसकट भरलं ५०२ ग्रॅम. म्हणजे अर्धा किलो, कांद्याच्या छोट्या पिशवीएवढं. एवढ्याशा वजनाने खांदा भरून येतो? येतो, कारण वजन किती यापेक्षा ते कुठे टेकलंय आणि कुठून खेचतंय हे महत्त्वाचं. भाताने भरलेला मोठा पळा दांड्याच्या अगदी टोकाला दोन बोटांत आडवा धरून बघा, मनगट लगेच बोंब मारतं, भात तेवढाच असतो. शाळेत तरफ शिकलो तेच हे. आपल्याकडे चिरेखाणीत पहारीने चिरा उकलतात तेव्हा माणूस पहारीच्या लांब टोकाला असतो आणि चिरा आखूड टोकाला, म्हणून थोड्या जोरात जड दगड हलतो. व्हायोलिन हनुवटीखाली धरणारा नेमका उलट्या जागी असतो. आखूड टोकाला तो स्वतः, लांब टोकाला वजन.

आता आकडे घालू, कारण माझा जीव इथेच रमतो. व्हायोलिन बोटावर तोललं तर हनुवटीकडच्या टोकापासून साधारण २२ सेंटीमीटरवर तोल सापडला, म्हणजे सगळं ५०० ग्रॅम वजन तिथे आहे असं धरायचं. कॉलरबोनवर, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडावर, ते टेकतं टोकापासून सुमारे ६ सेंटीमीटर आत, हा झाला टेकू. हनुवटीचा दाब पडतो टोकापासून सुमारे २ सेंटीमीटरवर. म्हणजे टेकूच्या एका बाजूला १६ सेंटीमीटरवर ५०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला फक्त ४ सेंटीमीटरवर हनुवटी. ५०० गुणिले १६ भागिले ४, उत्तर २०००. डावा हात पूर्ण सोडला तर अर्धा किलोचं वाद्य आडवं ठेवायला हनुवटीने दोन किलोचा दाब द्यायचा, आणि कॉलरबोनवर दोन्ही मिळून अडीच किलो!

तेच डाव्या हाताने व्हायोलिनची मान टोकापासून ४० सेंटीमीटरवर नुसती खालून तोलली तर? टेकूपासून अंतर ३४, म्हणजे ५०० गुणिले १६ भागिले ३४, जेमतेम २३५ ग्रॅम. हनुवटी शून्य. तेच वाद्य, तीच पोर. मग सगळे हातानेच का तोलत नाहीत, तर डाव्या हाताला वरच्या जागेवरून खाली सरकायचं असतं, आणि तोलणारा हात सरकला की वाद्य हनुवटीखालून निसटायला बघतं. म्हणून हनुवटीचा दाब पूर्ण टळत नाही, पण तो सरकण्याच्या क्षणापुरता हवा, आणि बहुतेक शिकणारी मुलं तो तासभर देत बसतात.

हे तासभर फार वाईट. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते नुसतं सैल सोडलं तरी दोन किलोचा दाब सहज मिळतो, स्नायूंना काही करावंच लागत नाही. पण हे केव्हा, तर हनुवटी आणि वाद्य यांच्यात फट नसेल तेव्हा. फट असेल तर ती भरायला मान वाकते आणि खांदा वर चढतो, आणि मग मान-खांद्याचे स्नायू आखडलेले राहतात. हलणारा स्नायू आवळतो-सुटतो, त्यात रक्त फिरत राहतं. सतत आखडलेल्या स्नायूत आतला दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या दबतात, ऑक्सिजन कमी पोचतो, नको ते पदार्थ साठतात आणि तो दुखायला लागतो. समुद्रावर चार मैल चालणाऱ्याचे पाय जेवढे दुखत नाहीत तेवढे रेशनच्या रांगेत नुसतं उभं राहिलेल्याचे दुखतात, तसंच.

म्हणून खरा प्रश्न फटीचा. भाचीला सरळ उभं केलं, खांदे सैल, नजर समोर, आणि कॉलरबोनपासून जबड्याच्या हाडापर्यंत मोजलं तर साडेनऊ सेंटीमीटर. व्हायोलिनची कडेची जाडी जवळपास पावणेचार, तिचा चिनरेस्ट अडीच, बेरीज सव्वासहा. उरले सव्वातीन सेंटीमीटर, आणि ते सव्वातीन सेंटीमीटर ती रोज मान मोडून भरत होती.

ही फट वरून भरायची की खालून, यावर वादक तावातावाने भांडतात. खालून म्हणजे शोल्डर रेस्ट, व्हायोलिनच्या पाठीला दोन्ही कडांना पकडून बसणारा वाकडा पूल. वरून म्हणजे उंच चिनरेस्ट. खालून उंची वाढवली की अख्खं वाद्य वर जातं, मग बो, म्हणजे गज, धरलेला उजवा हातही तेवढाच वर उचलावा लागतो आणि दुखणं डावीकडून उजवीकडे जातं. लांब मानेच्या माणसाने आधी चिनरेस्ट उंच करावा, शोल्डर रेस्ट मग लागेल तेवढाच, असं माझं ठाम मत आहे. पण शोल्डर रेस्टचा दुसरा एक फायदा आहे तो दुकानदार सांगत नाहीत. त्याने टेकूच सरकतो. आधार ६ च्या जागी समजा १० सेंटीमीटर आत गेला, तर वजनाची बाजू १२ उरते आणि हनुवटीची बाजू ८ होते, ५०० गुणिले १२ भागिले ८, म्हणजे ७५०. दोन किलोचे झाले पाऊण किलो. उंचीसाठी म्हणून घेतलेली वस्तू खरं काम तरफेत करते.

अजून एक अक्ष राहिला. नेहमीचा चिनरेस्ट टेलपीसच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, डावीकडे असतो, मधल्या रेषेपासून चारपाच सेंटीमीटर बाजूला, त्यामुळे तिथला प्रत्येक दाब वाद्याला लांबीच्या अक्षाभोवतीही गुंडाळतो, डावी कड खाली जाते आणि उजवी वर येते. हा टॉर्क, म्हणजे पीळ, कोणीतरी पेलायलाच हवा, शोल्डर रेस्टचा खांद्यावरचा पाय तो पेलतो, नसेल तर डावा अंगठा पेलतो आणि अंगठा आवळला की बोटं जड होतात. मधोमध टेलपीसवर बसणारे चिनरेस्ट मिळतात, त्यात हा पीळ जवळजवळ नाहीसा होतो, पण काहींना त्यात बो टोकापर्यंत नेणं अवघड जातं. एक सुटलं की दुसरं अडतं, म्हणून एकच माप सगळ्यांना बसत नाही, आणि खोक्यावर "अर्गोनॉमिक" छापलं म्हणजे आतली वस्तू तुमच्या मानेला मानवेलच असं नाही.

मजा म्हणजे चिनरेस्ट ही मूळ वाद्यात नव्हतीच. स्ट्राडिव्हारी १७३७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या एकाही व्हायोलिनला चिनरेस्ट नव्हता. १७५६ साली लिओपोल्ड मोझार्टने व्हायोलिन शिकवायचं पुस्तक लिहिलं त्यात छातीशी सैल धरण्याची पद्धतसुद्धा दिली आहे. १८२० च्या सुमारास लुडविग श्पोर नावाच्या जर्मन वादकाने चिनरेस्ट शोधून काढला, आणि त्याने तो बसवला होता मधोमधच. खुद्द आकारही काही देवाने दिलेला नाही, १८१९ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ फेलिक्स साव्हारने चक्क सरळ कडांच्या चौकटीसारखं व्हायोलिन करून दाखवलं होतं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, तर मोठा आणि जड, त्यात आणखी धाडसी प्रयोग झाले. वाद्यं घडवणाऱ्या ऑटो एर्देसने व्हायोला वाजवणारी बायको रिव्हका गोलानी हिच्यासाठी व्हायोलाचा वरचा एक खांदाच कापून टाकला म्हणजे हात वर सहज पोचेल, आणि डेव्हिड रिव्हिनसचा पेलेग्रिना नावाचा व्हायोला तर उन्हात वितळल्यासारखा तिरपा दिसतो, पण वाजवणाऱ्याच्या हातांच्या बाजूने विचार केला की तो तिरपेपणाच शहाणा वाटतो.

आणि आपल्या किनाऱ्यावर तर याचं दुसरं उत्तर कधीचं आहे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांसारखे गोव्याचे वादक हनुवटीखाली धरून मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते, आणि त्याच गोव्यात पेडण्याजवळच्या पार्से गावातून आलेले श्रीधर पार्सेकर हिंदुस्थानी पद्धतीने बैठकीत व्हायोलिन वाजवत. दक्षिणेत कर्नाटक संगीतातल्या बालुस्वामी दीक्षितारांपासून रुळलेली ही बैठक: मांडी, उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचं वळणदार टोक त्या पावलावर आणि दुसरं टोक छाती-खांद्याशी. दोन्ही टोकांना टेकू! तरफ राहिलीच नाही, ओढ्यावरचा साकव झाला. हिशोब करा, टेकू ५९ सेंटीमीटर अंतरावर आणि वजन २२ वर, म्हणजे पावलावर जेमतेम १८६ ग्रॅम, बाकीचं छातीकडे, हनुवटी मोकळी. डाव्या हाताला काहीच तोलायचं नाही, म्हणून तारेवर लांबलचक मींड घेता येते. पाठ गोल होते आणि पावलाला मुंग्या येतात हा त्यातला तोटा, तो आहेच.

मधल्या काळात घरात उपाय चालूच होते. एका नातेवाइकांनी मोबाईलवर गळ्याचा चुंबकाचा पट्टा दाखवला, दुखणं ओढून घेतो म्हणे. चुंबक घातल्याने दुखणं जातं हे नीट केलेल्या चाचण्यांत ठरलेलं नाही, आणि ठरलं असतं तरी सव्वातीन सेंटीमीटरची फट त्याने कशी भरणार? शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, तिच्यावरचं प्रेम म्हणून ते ठीक, पण फट तशीच राहिली. आणि ज्याचं बोट बधिर होतं किंवा हाताला मुंग्या येऊन रात्री झोप मोडते त्याने माझं गणितही वाचत बसू नये, सरळ डॉक्टरकडे जावं.

आम्ही केलं ते एवढंच. चिनरेस्टचे लांब स्क्रू मागवले, खाली बुचाचे तुकडे एकावर एक चिकटवून तो दोन सेंटीमीटर उचलला, खालून स्वयंपाकघरातला नवा स्पंज रबरबँडने बांधला, आणि क्लॅम्पच्या पत्र्यावर जुन्या सुती पंच्याचा तुकडा शिवला, तो रोज धुवायचा. पहिल्या दिवशी म्हणाली कसंतरीच वाटतंय, वाद्य पडेल असं वाटतं. चौथ्या दिवशी वाजवता वाजवता मान वळवून खिडकीतून मांजराकडे बघत होती, बो चालूच. पावसात बूच फुगतं आणि स्पंजाला बुरशी धरते, म्हणून आता सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडे फणसाच्या लाकडाचा तुकडा दिलाय. तिच्या जबड्याचा ठसा कणकेत घेऊन गेलो होतो, त्याने तो उन्हाकडे धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, दाब कुठे जास्त पडतो ते खुणा करून द्याल का.