अशांतींचे घर आणि अशांतींचा अबुसुआ

1945-46 मध्ये गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, मानवशास्त्रज्ञ मायर फोर्टिस, भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट स्टील आणि अर्थतज्ज्ञ पीटर एडी (नाव पुरुषी असले तरी या बाई होत्या) यांनी मिळून अशांती समाजाची पाहणी केली. त्याविषयी वाचताना ‘घर’ आणि ‘अबुसुआ’ यांची हमखास गल्लत होते. मराठी वाचकाची तर अधिकच, कारण आपण ‘घर’ हा एकच शब्द छपरालाही लावतो आणि घराण्यालाही.

अबुसुआ म्हणजे आईकडून चालणारा वंश. मूल जन्मतः आईच्या अबुसुआचे होते, बापाच्या नव्हे; म्हणून गादी आणि मिळकत प्रथेनुसार मुलाकडे न जाता भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जाते. घर म्हणजे एका आवारात प्रत्यक्ष राहणारी माणसे, आणि त्यांत नवरा-बायको एकत्र असतीलच असे नाही. लग्नानंतरही दोघांनी आपापल्या आईकडच्या माणसांत राहावे, बायकोने आपल्या चुलीवर रांधावे आणि संध्याकाळी मुलांनी ते जेवण बापाच्या घरी पोचवावे, ही रीत सर्रास होती. अशा गावात केवळ घरातली डोकी मोजणाऱ्याला निम्मे संसार मोडलेले वाटतील.

फोर्टिस यांनी अगोगो आणि असोकोरे या दोन गावांतील घरांची आकडेवारी तपासली, तेव्हा घरांच्या रचनेतले बरेच फरक हे वेगवेगळे प्रकार नसून एकाच घराच्या आयुष्यातले टप्पे आहेत, असे त्यांनी दाखवले. माझ्या मते पाहणीचे खरे मोल याच निष्कर्षात आहे: घर वयानुसार बदलत राहते, तर अबुसुआचे सदस्यत्व जन्मभर बदलत नाही.

दोन्हींची टक्कर झाली ती कोकोमुळे. नवऱ्याच्या कोकोच्या मळ्यात बायको-मुले वर्षानुवर्षे राबत, पण तो मृत्युपत्र न करता वारला की मळा त्याच्या अबुसुआकडे जाई. घानाच्या 1985 च्या वारसा कायद्याने स्वकष्टार्जित मिळकतीतले राहते घर आणि घरातल्या वस्तू जोडीदार व मुलांना दिल्या. उरलेल्या मिळकतीचे वाटप मुलांना 9/16, जोडीदाराला 3/16, हयात आई-वडिलांना 1/8 असे ठरवले, आणि प्रथेच्या नियमांसाठी 1/8 हिस्सा राखून ठेवला.