शंभर झाडं, पण वाण जवळपास एकच

डिसेंबर आला की नर्सऱ्यांत कुंडीतलं ‘ख्रिसमस ट्री’ दिसायला लागतं. सरळसोट खोड, मजल्यांसारख्या आडव्या फांद्या. ते असतं अरोकेरिया. त्याच्याच कुळातल्या एका झाडासारखी पानं जुन्या जीवाश्मांत सापडायची, पण तसं जिवंत झाड कुणी पाहिलेलं नव्हतं.

सप्टेंबर १९९४ मध्ये ते सापडलं. सिडनीच्या वायव्येला वॉलेमाय राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले कर्मचारी डेव्हिड नोबल दोर लावून एका अरुंद घळीत उतरले, आणि समोर हे अनोळखी झाड. उकळत्या काकवीवर बुडबुडे यावेत तशी तपकिरी, फोडाफोडांची साल. नाव पडलं ‘वॉलेमिया नोबिलिस’, बोलण्यात वॉलेमाय पाइन. जंगलात त्याची मोठी झाडं शंभरसुद्धा नाहीत.

शंभर म्हणजे कमी, हे कुणीही सांगेल. खरी पंचाईत वेगळीच आहे. हे झाड बुंध्यातून सतत नवे कोंब काढतं, त्यामुळे एकच झाड डझनभर खोडांचं होऊन बसतं. सुरुवातीच्या डीएनए तपासण्यांत तर झाडाझाडांत फरकच सापडेना. मग पुढची पायरी होती अख्खा जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, अक्षर न् अक्षर वाचण्याची. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकी संशोधकांनी २०२३ मध्ये तो जाहीर केला.

तो निघाला सुमारे १२.२ अब्ज अक्षरांचा. माणसाचा साधारण ३ अब्जांचा. म्हणून हे झाड आपल्यापेक्षा चौपट हुशार, असं नव्हे! यातला मोठा भाग उड्या मारणाऱ्या जनुकांनी भरलाय. ती स्वतःच्याच नकला काढून जीनोमभर पेरत राहतात. वाचणाऱ्याचे हाल इथेच होतात. भजनाच्या वहीत एकच ध्रुवपद शेकडो वेळा लिहिलंय, आणि ती फाडून तुकडे जुळवायला दिलेत असं समजा. हातातला तुकडा कुठल्या पानावरचा, कसं कळणार? तुकडा लांब हवा, ध्रुवपदाच्या आधीचं आणि नंतरचं कडवं सोबत घेऊन येणारा. डीएनएचे असे लांब तुकडे वाचणारी यंत्रं आली, तेव्हाच असली अवाढव्य पुस्तकं नीट वाचता येऊ लागली.

एका झाडाच्या जीनोमवरून सगळ्या गोतावळ्याचा इतिहास कळतो, हे मला यातलं सगळ्यात नवलाचं वाटतं. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. आधीच्या पिढ्या एकमेकांच्या जवळच्या नात्यातल्या असतील, तर या दोन्ही प्रतींत लांबच लांब मजकूर तंतोतंत जुळतो. हा हिशेब मांडल्यावर दिसलं की वॉलेमाय पाइनची संख्या १० हजार ते २६ हजार वर्षांपूर्वीच कोसळली होती.

सगळी एकाच साच्यातली असली की एकच रोग सगळ्यांना पुरतो. इथे तो आहे फायटॉप्थोरा, मुळं कुजवणारा. कोकण-गोव्यातल्या बागायतदारांना नाव नवं वाटेल, पण सुपारीवरचा कोळेरोग याच्याच भावकीतला. या झाडाकडे रोगप्रतिकाराची जनुकं आहेत, पण पानांच्या वाढीशी निगडित असलेले इवलेसे आरएनए (डीएनएच्याच भावकीतले रेणू) त्यांना दाबून ठेवत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग हे झाड वाचवायला दुसरीकडे रोपं लावायची तर कुठली? सगळीच सारखी दिसतात. एकमेकांहून थोडी तरी वेगळी असलेली निवडायची, आणि अशी रोपं कुठली, हे जनुकं वाचल्याशिवाय कळत नाही. अशीच निवडलेली १७० रोपं २०२३ मध्ये सिडनीहून इंग्लंडमधल्या बेजबरीला गेली आणि तिथून अनेक वनस्पती उद्यानांत वाटली गेली.

मूळ घळीतल्या झाडांत तो रोग २००५ मध्ये सापडला. न विचारता आत शिरलेल्या कुणाच्या तरी बुटांच्या चिखलातून तो गेला असावा. घळीचा पत्ता तेव्हाही गुप्त होता, आजही आहे. अभ्यासासाठी जाणाऱ्यांनासुद्धा आत पाऊल टाकण्याआधी बूट निर्जंतुक करावे लागतात.