दूरस्थ संदेशवाचन आणि त्याच्या सुरक्षामर्यादा

दुसऱ्याच्या स्मार्टफोनला हात न लावता आणि त्याला सुगावा लागू न देता त्यातले खाजगी संदेश वाचणे म्हणजे दूरस्थ संदेशवाचन. नुसता मोबाइल नंबर टाका आणि समोरच्याचे चॅट वाचा, असे सांगणारी ॲप आणि संकेतस्थळे इंटरनेटवर पायलीला पन्नास मिळतात. त्यांचा दावा खोटा असतो. नंबरावरून संदेश कुठे पोचवायचा एवढेच कळते. तो उघडण्याशी नंबराचा काही संबंध नाही. ही संकेतस्थळे शोध सुरू असल्याची पट्टी सरकवत ठेवतात, धूसर केलेल्या दोन-चार ओळी दाखवून उत्सुकता ताणतात आणि मग ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत सर्वेक्षण भरायला, एखादे ॲप डाउनलोड करायला किंवा कार्डाचा तपशील द्यायला लावतात. फसतो तो पाळत ठेवू पाहणाराच, आणि तक्रार करायची तर कोणत्या तोंडाने, म्हणून गप्प बसतो.

याचा अर्थ दूरस्थ संदेशवाचन कधी होतच नाही असा नाही. होते, पण संदेश वाटेत असताना फारसे होत नाही. ते होते दोन्ही टोकांना, म्हणजे उघड्या फोनवर, जोडलेल्या दुसऱ्या उपकरणावर, बॅकअपमध्ये किंवा वापरणाऱ्याच्या विश्वासाचा फायदा घेऊन. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मधली वाट जसजशी बंद होत गेली, तसतसा हल्ल्यांचा सगळा रोख या टोकांकडे वळला.

वाटेवरचे कुलूप

मधली वाट बंद केली ती एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने. या पद्धतीत संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कूटबद्ध होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतो, आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतो. मधल्या सर्व्हरकडे उलगडण्याची किल्ली नसते. ॲपलच्या आयमेसेजमध्ये ही सोय २०११ पासून, म्हणजे सुरुवातीपासून आहे. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१३ मध्ये विकसित केलेली आणि पुढे सिग्नल प्रोटोकॉल म्हणून ओळखली गेलेली पद्धत व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पर्यंत आपल्या सर्व वापरकर्त्यांना लागू केली. फेसबुक मेसेंजरमध्ये वैयक्तिक चॅटना ती आपोआप लागू व्हायला मात्र डिसेंबर २०२३ उजाडला.

सिग्नल प्रोटोकॉलचे खरे बळ किल्ल्या सतत बदलण्यात आहे. प्रत्येक संदेशाला नवी किल्ली तयार होते आणि वापरून झालेली पुसली जाते. त्यामुळे आजची एखादी किल्ली कुणाच्या हाती पडली तरी तिच्याने कालचे संदेश उघडत नाहीत, आणि संभाषण पुढे चालू राहिले की उद्याचेही पुन्हा सुरक्षित होतात. सर्व्हरवर दरोडा घालून ढीगभर कूटबद्ध मजकूर नेला तरी तो वाचता येत नाही तो यामुळेच. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन आदेशानुसार, ही पद्धत वापरणारे सिग्नल हे ॲप चालवणाऱ्या संस्थेकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली, तेव्हा संस्थेला दोनच गोष्टी देता आल्या : खाते कधी उघडले आणि ते सर्व्हरला शेवटचे कधी जोडले गेले. सगळ्याच सेवा इतकी कमी माहिती ठेवतात असे मात्र समजू नये. मजकूर झाकलेला असला तरी कोण कुणाशी, कधी आणि किती वेळा बोलले हा तपशील अनेक सेवांकडे असतो, आणि तपास यंत्रणांना बहुतेक वेळा तेवढाही पुरतो.

या कुलपाचा सर्वांत नाजूक भाग कूटपद्धतीत नाही, किल्ल्यांच्या वाटपात आहे. समोरच्याची सार्वजनिक किल्ली, म्हणजे संदेश बंद करता येणारी पण उघडता न येणारी, आपल्या फोनला सेवेच्या सर्व्हरकडूनच मिळते. सर्व्हरने त्यात गुपचूप आणखी एक किल्ली सरकवली, तर संदेश तिसऱ्यासाठीही कूटबद्ध होईल. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेतील इयन लेव्ही आणि क्रिस्पिन रॉबिन्सन यांनी नेमके हेच सुचवले होते : कूटपद्धतीला हात न लावता संभाषणात एक अदृश्य सहभागी बसवावा. कंपन्यांनी आणि सुरक्षातज्ज्ञांनी या सूचनेला कडाडून विरोध केला. संपर्काचा सुरक्षा कोड बदलल्याची सूचना चॅटमध्ये येते ती याच शक्यतेवर लक्ष राहावे म्हणून. ती वाचणारे थोडेच असल्याने व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये किल्ल्यांची पडताळणी आपोआप करणारी व्यवस्था जाहीर केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलनेही आयमेसेजसाठी तशी सोय दिली.

एसएमएस आणि ओटीपी

साध्या एसएमएसला यातले कोणतेच संरक्षण नाही. दूरसंचार कंपन्या एकमेकींशी बोलताना एसएस७ ही १९७० च्या दशकातली संकेतप्रणाली वापरतात. मोजक्याच कंपन्या आपसांत विश्वासाने काम करतील असे गृहीत धरून ती बांधली गेली. त्या जाळ्यात शिरकाव असलेला कुणीही ‘हा ग्राहक सध्या माझ्या नेटवर्कवर आहे’ असे खोटे कळवून त्याचे एसएमएस स्वतःकडे वळवू शकतो. टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल या जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये हे जाहीरपणे दाखवून दिले. २०१७ मध्ये जर्मनीत याच मार्गाने बँकेचे ओटीपी पळवून ग्राहकांची खाती रिकामी केल्याचे उघडकीस आले. २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाने अमेरिकेतील मोठ्या दूरसंचार कंपन्यांत घुसखोरी केल्याचे समोर आले. त्यानंतर तिथल्या सीसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरील लोकांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेलीच ॲप वापरण्याचा सल्ला दिला. कूटबद्ध संदेशांमुळे तपास अडतो अशी तक्रार त्याच सरकारच्या यंत्रणा वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

एसएमएस पळवला किंवा सिम स्वॅप करून, म्हणजे कंपनीला फसवून आपल्या सिमवर घेऊन, नंबरच ताब्यात घेतला, तर पुढे काय हाती लागते ते ॲपच्या रचनेवर ठरते, आणि हा फरक फार थोड्यांच्या ध्यानात येतो. सिग्नल किंवा व्हॉट्सॲपची नोंदणी ओटीपी चोरून दुसऱ्या फोनवर केली, तर तिथे जुने चॅट येत नाहीत, कारण ते सर्व्हरवर नसतातच. मूळ मालक ॲपमधून बाहेर फेकला जातो, त्यामुळे त्याला लगेच कळते. चोराला पुढे येणारे संदेश मिळू शकतात आणि मालकाच्या नावाने पैसे मागता येतात, पण मागचा इतिहास मिळत नाही. टेलिग्रामचे नेहमीचे चॅट कंपनीच्या क्लाउडवर असतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन फक्त वेगळ्या सुरू केलेल्या गुप्त चॅटना असते. म्हणून तिथे लॉगिनचा कोड पळवला की जुने सगळे संभाषण समोर उघडते. २०१६ मध्ये इराणमधील काही टेलिग्राम खाती अशीच एसएमएसमार्गे फोडली गेल्याचे संशोधकांनी सांगितले होते. स्वतःचा वेगळा पासवर्ड किंवा पिन लावणारी द्विस्तरीय पडताळणी दोन्हीकडे हा मार्ग अडवते. टेलिग्रामवर ती नसणे जास्त महागात पडते एवढेच.

जोडलेली उपकरणे आणि बॅकअप

प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोगी पडणारी पळवाट बहुधा सर्वांत साधी आहे. व्हॉट्सॲप आणि सिग्नल ही ॲप संगणकावर किंवा दुसऱ्या उपकरणावर जोडता येतात. नवे उपकरण पडद्यावर क्यूआर कोड दाखवते आणि मुख्य फोनने तो स्कॅन केला की जोडणी होते. व्हॉट्सॲपमध्ये या नव्या उपकरणाची स्वतःची किल्ली तयार होते, मुख्य फोन तिला मान्यता देतो आणि पाठवणाऱ्याचा फोन इथून पुढे प्रत्येक संदेश त्या उपकरणासाठीही स्वतंत्रपणे कूटबद्ध करतो. एन्क्रिप्शन कुठेही मोडत नाही. मालकाच्या मान्यतेने एक टोक वाढते, इतकेच. म्हणजे अनलॉक केलेला फोन अर्धा मिनिट हाती आला, तरी पुढचे कित्येक दिवस दुरून वाचत बसता येते. व्हॉट्सॲपमध्ये मुख्य फोन चौदा दिवस वापरला गेला नाही तर जोडलेली उपकरणे आपोआप सुटतात, पण रोज वापरात असलेल्या फोनच्या बाबतीत या नियमाचा काही उपयोग नाही. सेटिंगमधल्या यादीत जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचे नाव आणि ते शेवटचे कधी सक्रिय होते ती वेळ दिसते. आपल्याला अनोळखी असलेले नाव तिथे आढळले, तर त्यावर टॅप करून ते तत्काळ काढता येते.

हीच युक्ती फोनला हात न लावताही साधते. रशियाशी संलग्न हॅकर युक्रेनमधील लोकांना गटाचे आमंत्रण वाटेल असे बनावट क्यूआर कोड पाठवून त्यांचे सिग्नल खाते आपल्या उपकरणाला जोडून घेत होते, असे गुगलच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच महिन्यात अमेरिकी सरकारातील वरिष्ठांच्या सिग्नल गटात ‘दि अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना चुकून घेतले गेले आणि लष्करी हल्ल्याच्या बेताची चर्चा त्यांना आपल्या फोनवर वाचायला मिळाली. त्यात कुणी काही फोडले नव्हते.

बॅकअपची कथा वेगळी. फोनवर आणि वाटेत कडेकोट असलेले चॅट क्लाउडवर बॅकअप म्हणून जाताना बराच काळ तेवढे झाकलेले नसत. व्हॉट्सॲपने बॅकअपसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा पर्याय दिला तो २०२१ मध्ये, आणि तो वापरणाऱ्याला स्वतः चालू करावा लागतो. आयक्लाउड बॅकअप चालू असेल तर आयमेसेजची किल्ली त्या बॅकअपबरोबर ॲपलकडे जाते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेले वाढीव संरक्षण चालू केले तरच ती कंपनीच्या आवाक्याबाहेर राहते. सरकारी दबावामुळे हे संरक्षण ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधील नव्या वापरकर्त्यांसाठी बंद केले. आयफोनवर ‘काहीही इन्स्टॉल न करता’ नजर ठेवण्याची जाहिरात करणाऱ्या सेवाही बहुतेक वेळा बॅकअपच वाचतात. त्यासाठी ॲपल खात्याचा पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणीचा कोड दोन्ही लागतात, म्हणजे जाहिरातीतली जादू संपते.

फोनच्या आतल्या भिंती

ॲन्ड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप वेगळा वापरकर्ता मानला जातो आणि एकाच्या फाइली दुसऱ्याला वाचता येत नाहीत. आयफोनच्या आयओएसमध्ये ही भिंत आणखी उंच आहे. दुसऱ्या ॲपचा पडदा किंवा सूचना वाचण्याची परवानगी तिथे कोणत्याही साध्या ॲपला मिळतच नाही. ॲन्ड्रॉइडवर ती मिळू शकते. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ॲक्सेसिबिलिटी सेवा आणि आलेल्या सूचना वाचण्याची परवानगी या दोन दारांतून हेरगिरीची ॲप शिरतात, कारण पडद्यावर आलेला संदेश तोवर उलगडलेला असतो. २०१९ च्या सुरुवातीपासून गुगलने प्ले स्टोअरवरील बहुतेक ॲपना एसएमएस आणि कॉलनोंदी वाचायला बंदी केली, आणि २०२२ च्या ॲन्ड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपना ही दोन दारे सहजी उघडत नाहीत.

या भिंती दुरून आणि मालकाच्या कोणत्याही कृतीविना फोडायच्या तर खुद्द निर्मात्यालाही ठाऊक नसलेली त्रुटी लागते. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. २०१६ मध्ये ते उजेडात आले तेव्हा निदान लिंकवर टॅप तरी करावे लागत होते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधील त्रुटीतून सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केले गेले, आणि कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. २०२१ मध्ये सापडलेल्या हल्ल्यात आयमेसेजवर जिफ चित्राच्या नावाखाली पीडीएफ फाइल येई. फोन तिची झलक तयार करायला गेला की आत दडवलेल्या जुन्या जेबिग२ या प्रतिमा-पद्धतीच्या आज्ञा चालत. सत्तर हजारांहून अधिक आज्ञांतून हल्लेखोरांनी त्या प्रतिमेच्या उलगड्यातच एक छोटासा संगणक उभा केला होता. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने त्याचे विश्लेषण डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. अभियांत्रिकी म्हणून ते वाचताना थक्क व्हायला होते. ॲपलने ती त्रुटी आयओएस १४.८ मध्ये बुजवली आणि २०२२ मध्ये अशा धोक्यातील लोकांसाठी फोनच्या बऱ्याच सोयी बंद करून हल्ल्याच्या वाटा कमी करणारा लॉकडाउन मोड आणला.

अशा त्रुटी खरेदी करणाऱ्या झीरोडियम या कंपनीने २०१९ मध्ये ॲन्ड्रॉइडवरील अशा विनाकृती हल्ल्यासाठी २५ लाख डॉलरपर्यंतचा दर जाहीर केला होता. एवढे महाग आणि एकदा उघड झाले की निकामी होणारे साधन पत्रकार, विरोधी नेते, मुत्सद्दी यांच्यावर खर्च होते; शेजाऱ्याचे चॅट वाचायला नाही. गुन्हेगारांच्या एन्क्रोचॅट या जाळ्याबाबत फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनीही २०२० मध्ये टोकावरच हल्ला केला : कूटपद्धत फोडत न बसता फोनवरच मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, पोचवले.

जवळच्यांची पाळत

सामान्य माणसाच्या बाबतीत पाळत ठेवणारा बहुधा जोडीदार, माजी जोडीदार किंवा घरातलाच कुणी असतो. त्याला पासकोड ठाऊक असतो, फोन काही मिनिटे हाती मिळतो, आणि वरच्या बऱ्याचशा मर्यादा तिथेच गळून पडतात. यासाठी विकल्या जाणाऱ्या ॲपना स्टॉकरवेअर म्हणतात. मुलांची किंवा कर्मचाऱ्यांची काळजी असे त्यांचे जाहिरातीतले रूप असते. त्यांच्याविरुद्ध नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरक्षा कंपन्या आणि पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांनी मिळून आघाडी उभारली. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने स्पायफोन या कंपनीला हा धंदा करण्यास बंदी घातली. या कंपनीने चोरून गोळा केलेली माहिती स्वतःही नीट राखली नव्हती. ती एका हॅकरच्या हाती लागली होती. परवानगीविना दुसऱ्याच्या उपकरणात शिरणे अमेरिकेत १९८६ च्या, ब्रिटनमध्ये १९९० च्या आणि भारतात २००० च्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो, आणि पती-पत्नीचे नाते त्याला अपवाद नाही.

फोनवर असे ॲप सापडले तर ते लगेच काढून टाकावे, हा सरधोपट सल्ला इथे घातक ठरू शकतो. ॲप बंद पडल्याचे पाळत ठेवणाऱ्याला ताबडतोब कळते, आणि हिंसक नात्यात त्याचा राग अंगावर येतो. शिवाय ॲपबरोबर पुरावाही जातो. म्हणून या क्षेत्रातल्या संस्था आधी पाळतीखाली नसलेल्या दुसऱ्या फोनवरून मदत मागायला, सुरक्षित जागेची सोय करायला आणि मगच पासवर्ड बदलून फोन स्वच्छ करायला सांगतात.