२०० ऐवजी ३५: कमी दाबाच्या गॅसटाकीची पार्श्वभूमी

सीएनजीच्या रांगेत शिरण्याआधी रिक्षावाला खिडकीतून मान काढून विचारतो, "प्रेशर आहे का?" पंपावरचा दाब उतरलेला असला, तर तासभर थांबूनही टाकी पुरती भरत नाही. या एका प्रश्नात वायुइंधनाची सारी अडचण सामावलेली आहे.

स्वयंपाकघरातला एलपीजी थोड्याशा दाबाने द्रवरूप होतो, म्हणून १४.२ किलोच्या सिलिंडरवर घर महिनाभर चालते. सीएनजीतल्या मुख्य वायूचे, म्हणजे मिथेनचे, तसे नाही. उणे ८२ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबले तरी तो द्रव होत नाही. त्यामुळे सीएनजी २०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट, दाबावा लागतो आणि त्यासाठी जाड, जड, गोल नळकांडे वाहनात वागवावे लागते. डिकी जाते ती यामुळेच.

कमी दाबाचा विचार मात्र नवा नाही. महायुद्धांच्या काळात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये मोटारींच्या टपावर कापडी पिशव्या बांधून त्यांत कोळशाचा वायू जवळजवळ वातावरणाच्याच दाबाने भरत. पण एवढ्या मोठ्या पिशवीत फार थोडे अंतर कापण्यापुरतेच इंधन मावे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आल्या आणि उच्च दाबाची टाकी हीच देशभर रूढ झाली.

दुसरी वाट अधिशोषणाची, म्हणजे वायू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटवून साठवण्याची. सक्रियित (प्रक्रिया करून सच्छिद्र केलेल्या) कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना मिथेनचे रेणू चिकटून दाटीने बसतात. एक ग्रॅम चांगल्या कोळशातले असे पृष्ठफळ १,००० चौरस मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे सुमारे ३५ बार दाबालाही बराच वायू मावतो आणि टाकी चपटी करून आसनाखाली बसवता येते. २००७ मध्ये अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी मक्याच्या बुरकुंडांपासून केलेल्या कोळशाच्या विटांत, विटेच्या आकारमानाच्या १८० पट वायू या दाबाला साठवून दाखवला. पऱ्हाटीचे ढीग दरवर्षी पेटवून देणाऱ्या विदर्भाने ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी, असे मला मनापासून वाटते. याच काळात धातू-सेंद्रिय सांगाड्यांवरील, म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांवरील, संशोधनही वाढत गेले. सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा सांगाड्यात मिथेन शिरतो आणि बाहेरही येतो, हे दाखवले होते. त्यांना रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांच्यासह २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

नागपूरने तिसरी वाटही पाहिली आहे. देशातील पहिले व्यावसायिक एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू) भरणा केंद्र जुलै २०२१ मध्ये इथेच सुरू झाले. तिथे दाब कमी असतो, पण वायू उणे १६२ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो. लांब पल्ल्याच्या ट्रकला हे परवडेल. दिवसभर उभ्या राहणाऱ्या रिक्षाला नाही, कारण उभ्या टाकीतला द्रव हळूहळू उकळून वायू होत राहतो.

अधिशोषणाची खरी अडचण उष्णतेची आहे. वायू छिद्रांत चिकटताना उष्णता बाहेर टाकतो, कोळसा तापतो आणि तापलेल्या कोळशात वायू कमी मावतो. शिवाय वायूतील ओलावा व जड घटक छिद्रांत अडकून बसले, की दर भरण्यागणिक टाकीची क्षमता घटत जाते. देशातील गॅस सिलिंडरांना मंजुरी देणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या सुरक्षा संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. म्हणून कमी दाबाच्या टाकीची परीक्षा वातानुकूलित प्रयोगशाळेत न घेता इथल्याच रस्त्यावर, मे महिन्याच्या ४५ अंशांत, दुपारी दोन वाजता भरून घ्यावी.